दूरच्या यंत्राशी संवाद

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीचे एक वैशिष्ट्य आहे. तिच्या पोटात काय चालले आहे हे कोणालाही जवळ जाऊन, हात लावून पाहता येत नाही. उष्णता किती, वाऱ्याचा दाब किती, हे सारे तारांमधून येणाऱ्या संकेतांवरून काही अंतरावरच्या खोलीत बसलेला माणूस वाचतो आणि त्यानुसार हुकूम देतो. जे जवळून हाताळता येत नाही, ते दूर बसून हाताळण्याची ही विद्या भिलाईच्या कामगाराला नवी नाही. भट्टीपासून दूर राहायचे ते जिवाच्या भीतीने. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे त्याच्यापासून माणूस दूर राहिला, तो मात्र निराळ्या कारणाने. ते यंत्र देशात एखाददुसरेच होते आणि ते फार थोड्यांच्या वाट्याला येत होते. ते यंत्र म्हणजे संगणक.

भिलाईतल्या एखाद्या घरातील मेजावरच्या लहानशा संगणकाच्या पडद्यावर आज एक काळी चौकट उघडते. तीत चार अक्षरे टंकिली की पुण्यातला किंवा मुंबईतला एखादा प्रचंड संगणक त्या हुकमानुसार कामाला लागतो. ह्या चौकटीला टर्मिनल असे म्हणतात. दूरच्या यंत्राशी बोलण्यासाठी आपल्या मेजावरच्या संगणकात जो छोटा कार्यक्रम बसवावा लागतो, त्याला जाणकार लोक क्लायंट म्हणतात. ही चौकट दिसावयास अगदी साधी आहे. पण ती येथवर कशी आली, याचा इतिहास साधा नाही, आणि त्या इतिहासात आपल्या देशाचा व आपल्या भाषेचाही काही भाग आहे.

प्रारंभ मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांच्या एका चमूने भारतातच संगणक बांधावयास घेतला. लहान नमुना आधी तयार झाला आणि मोठे यंत्र १९६० मध्ये कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नामकरण ‘टिफ्रॅक’ असे केले. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सी.डी.सी. ३६००’ हा कितीतरी अधिक शक्तिमान अमेरिकन संगणक आला आणि देशातील निरनिराळ्या विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना तो उपलब्ध झाला.

उपलब्ध झाला म्हणजे काय, हे मात्र समजून घेतले पाहिजे. एखाद्या दूरच्या गावच्या संशोधकाला आपले गणित त्या यंत्रापुढे मांडावयाचे झाल्यास, त्याला ते जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रे पाडून लिहावे लागे. एका ओळीस एक कार्ड, असा हिशेब. त्या कार्डांची पेटी घेऊन तो आगगाडीने मुंबईस येई किंवा ती पाठवून देई. यंत्राची पाळी येई तेव्हा कार्डे वाचली जात आणि उत्तर कागदावर छापून बाहेर येई. एका कार्डावर एखादा स्वल्पविराम चुकला असला, तर छापील कागदावर उत्तराऐवजी दोषाची सूचना मिळे. मग पुन्हा छिद्रे, पुन्हा पाळी, पुन्हा वाट पाहणे. यंत्र सेकंदात हजारो क्रिया करीत होते. परंतु माणूस आणि यंत्र यांच्यामधले अंतर आगगाडीच्याच गतीने कापले जात होते. ज्या रुळांवरून अशा पेट्या जात, त्यांतील कित्येक रूळ भिलाईच्याच गिरणीत ओतीव पोलादातून लाटले गेले असतील, कारण भारतीय रेल्वेला रूळ पुरविणे हे भिलाईचे आरंभापासूनचे एक मुख्य काम आहे.

हे अंतर तारेने तोडता येईल काय, हा विचार पाश्चात्त्य देशांत त्यापूर्वीच सुचला होता. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची परिषद भरली होती. बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक दूरमुद्रक ठेवला. त्यावर कोणीही संख्या टंकावी. ती तारेवरून न्यूयॉर्कला जाई, तेथील गणनयंत्र उत्तर काढी आणि ते उत्तर त्याच दूरमुद्रकावर छापून येई. दूर बसून गणनयंत्र चालविण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग होय. त्यानंतर एकवीस वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कालविभाजनाची पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली. एकच यंत्र अनेक माणसांना आळीपाळीने, पण इतक्या झपाट्याने वेळ वाटून देते की प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचेच वाटावे, ही ती कल्पना. परवलीचा शब्द देऊन यंत्रात प्रवेश करण्याची रीतही ह्याच यंत्रणेतून रूढ झाली.

आज ज्या महाजालाविषयी आपण रोज बोलतो त्याचा जन्मही ह्याच गरजेतून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठातून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ ह्या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. सुमारे तासाभराने प्रयोग सफल झाला. म्हणजे त्या जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश पत्र नव्हता की चित्र नव्हते. दूरच्या यंत्राच्या दारावर दिलेली ती थाप होती.

भारतात हे दार सत्तरच्या दशकात उघडू लागले. टाटा संस्थेतच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने संगणकतंत्राचे एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि तेथील ‘डेक-१०’ ह्या संगणकाला टर्मिनले जोडण्यात आली. आता कार्डांची पेटी गेली आणि तिच्या जागी कळफलक व पडदा आला. तथापि त्या काळच्या तारांची गती किती होती, हे थोड्या हिशेबाने पाहू. टेलिफोनच्या तारेवरून एका सेकंदास ३०० संकेत जात. एका अक्षरास दहा संकेत लागतात असे धरले, तर सेकंदास तीस अक्षरे. पुढे प्रमाण ठरलेल्या पडद्यावर चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी घरे, म्हणजे १,९२० अक्षरे मावतात. ती सारी भरावयास चौसष्ट सेकंद लागत. ह्या मंदगतीमुळेच जुन्या कार्यक्रमकारांनी आपले हुकूम दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे ठेवले. आजही टर्मिनलची भाषा तुटक व मितभाषी वाटते, त्याच्या मुळाशी ही काटकसर आहे.

सामान्य भारतीय माणसाने टर्मिनल पहिल्याने पाहिले ते मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर रेल्वेच्या आरक्षण-खिडकीत. पूर्वी प्रत्येक गाडीची वही निराळी आणि प्रत्येक वहीपुढची रांग निराळी असे. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे ते पोहोचले. खिडकीमागच्या कारकुनापुढे जो पडदा होता, त्याच्यात स्वतःची अशी अक्कल फारशी नव्हती. वही दूरच्या मोठ्या यंत्रात होती आणि पडदा हा केवळ तिचे उघडे पान होता. १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली आणि कोणत्याही खिडकीतून कोणत्याही गाडीची जागा मिळू लागली. दुर्गच्या किंवा भिलाईच्या माणसाला आपल्या परतीच्या तिकिटासाठी मुंबईच्या नातेवाइकाला पत्र धाडण्याचे कारण उरले नाही. यंत्र जेथे आहे तेथे माणसाने जायचे, हा नियम येथे पहिल्यांदा सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडला.

ह्याच सुमारास सरकारी कामासाठी जिल्हा-जिल्ह्याला उपग्रहामार्फत जोडणारे जाळे उभे राहिले, आणि १९८६ पासून शिक्षणसंस्थांसाठी ‘अर्नेट’ ह्या जाळ्याचे काम सुरू झाले. त्यात पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगळूरची विज्ञानसंस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिकी विभाग आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सहभागी होते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. आपण टर्मिनलवर एक अक्षर टंकितो तेव्हा ते आपल्याच पडद्यावर तत्काळ उमटते असे आपणांस वाटते. वस्तुतः पुष्कळदा ते अक्षर आधी दूरच्या यंत्राकडे जाते, ते यंत्र त्याची प्रत परत धाडते आणि मगच ते पडद्यावर दिसते. म्हणजे आपण पाहतो तो आपल्या अक्षराचा प्रतिध्वनी असतो. भिलाईहून मुंबईपर्यंत लोहमार्गाने अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा ह्या जाण्यायेण्यास सेकंदाचा शंभरावा भाग पुरावा. वाटेतील यंत्रांमुळे थोडा अधिक लागतो इतकेच. पण हाच प्रवास छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत झाला, तर प्रतिध्वनी परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. ज्याने अशा जोडणीवर काम केले आहे, त्याला दोन अक्षरांमधली ती चमत्कारिक शांतता आठवत असेल. अक्षर दिसले नाही म्हणून माणूस पुन्हा टंकितो आणि मग दोन्ही अक्षरे एकदम उमटतात.

आता मेजावरच्या संगणकाकडे वळू. ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक स्वस्त झाले, तेव्हा निराळे टर्मिनल विकत घेण्याचे कारण उरले नाही. १९७८ मध्ये निघालेले ‘व्ही.टी. १००’ हे टर्मिनल इतके प्रचलित झाले होते की मेजावरचा संगणक त्याचेच सोंग घेऊ लागला. हे सोंग वठविणारा कार्यक्रम लिहिणे वरवर सोपे वाटते. पलीकडून अक्षरांचा अखंड प्रवाह येत असतो. त्यातली काही अक्षरे दाखवावयाची असतात, तर काही गुप्त सूचना असतात: अमुक ओळीवर जा, पडदा पूस, येथून पुढे ठळक लिही. ह्या सूचना एका विशिष्ट चिन्हाने सुरू होतात आणि प्रवाहात कोठेही मध्येच तुटू शकतात. सूचनेचे पहिले अक्षर आत्ता आले आणि उरलेली क्षणभराने आली, तरी कार्यक्रमाने गोंधळता कामा नये. म्हणून आपण सध्या सूचनेच्या कोणत्या टप्प्यावर आहोत याचे भान त्याला प्रत्येक अक्षरागणिक ठेवावे लागते. शिवाय घरांची ती चोवीस गुणिले ऐंशीची मांडणी, कळफलकावरील प्रत्येक कळीचा योग्य संकेत आणि जोडणी तुटली तर सभ्यपणे थांबणे, हे सारे सांभाळावे लागते. एखाद्या हुशार दुभाष्याचे काम जसे दिसत नाही, तसेच ह्या कार्यक्रमाचेही आहे. तो नीट चालतो तेव्हा तो आहे याची आठवणही होत नाही.

परंतु जोडणी जसजशी सुलभ झाली, तसतसा विश्वासाचा प्रश्न पुढे आला. जुन्या ‘टेलनेट’ पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा, उघडा जात असे. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही तो ऐकता येई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच चोरी झाली. तेथील टाटू युलोनेन ह्या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून ‘सुरक्षित कवच’ अशा अर्थाची ‘एस.एस.एच.’ ही पद्धत रचली. तीत दोन्ही यंत्रांमधले सारे संभाषण सांकेतिक लिपीत चालते. १९९९ मध्ये इंग्लंडच्या सायमन टॅथम यांनी ‘पुटी’ नावाचा लहानसा कार्यक्रम प्रसिद्ध केला. ज्यांच्या मेजावर विंडोजचा साधा संगणक आहे, अशा जगभरच्या लोकांना त्याने ही सुरक्षित चौकट विनामूल्य मिळवून दिली. लहान गावातील ज्या विद्यार्थ्यांना महागडे कार्यक्रम घेणे शक्य नव्हते, त्यांच्यावर ह्या उदार कृतीचे ऋण मोठे आहे.

असा कार्यक्रम बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा, कारण नकली प्रत ही चोराच्या हाती दिलेली किल्ली होय. मग यजमान यंत्राचे नाव आणि बावीस हा दाराचा क्रमांक द्यावा. पहिल्या भेटीत चौकट एक लांबलचक ठसा दाखविते आणि विचारते, की ह्या यंत्राला तुम्ही ओळखता काय? बहुतेक लोक न वाचताच होय म्हणतात. खरे पाहता हा सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. अनोळखी माणसाच्या हाती आपण घराची किल्ली देत नाही. मग यजमानाचा ठसा दुसऱ्या विश्वासू मार्गाने पडताळून न पाहता पुढे का जावे? पुढे कधी तोच ठसा बदलल्याची सूचना आली, तर ती भीतीने किंवा कंटाळ्याने पुसून न टाकता कारण विचारावे. परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. तिच्यातली एक जाहीर, ती यजमानाकडे राहते. दुसरी खाजगी, ती कधीही आपल्या यंत्राबाहेर जाऊ द्यावयाची नाही.

अंतर जिंकले, विश्वासाची सोय झाली. पण तिसरा प्रश्न राहिला, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. ह्या चौकटीत आपली लिपी उमटते काय?

टर्मिनलची रचना रोमी अक्षरांसाठी झाली. एक संकेत, एक अक्षर, एक घर. देवनागरीचा स्वभाव निराळा आहे. ‘क्षि’ हे आपण एक अक्षर मानतो, पण त्यात क, हलंत, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार घटक आहेत, आणि शेवटी उच्चारली जाणारी वेलांटी लिहिताना आधी येते. हे कोडे सोडविण्याचे काम कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांनी हाती घेतले, आणि ऐंशीच्या दशकात देवनागरी टर्मिनल सिद्ध केले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाल्यावर हे कार्य ‘जिस्ट’ ह्या नावाने तेथे आले. त्यातली मुख्य कल्पना फार सुंदर होती. स्मृतीत व तारेवर अक्षरे उच्चाराच्या क्रमाने ठेवावयाची, आणि त्यांची जोडणी कशी दाखवावयाची हे पडद्याजवळच्या यंत्राने ठरवावयाचे. सर्व भारतीय लिप्यांचा उच्चारक्रम मुळात सारखा असल्याने एकाच कळफलकावर आणि एकाच संकेतावलीवर मराठी, तमिळ, बंगाली सुखाने नांदू शकतात. ही संकेतावली १९९१ मध्ये राष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि आज जगभर चालणाऱ्या ‘युनिकोड’ ह्या प्रमाणातील देवनागरीची मांडणीही तिच्याच पूर्वीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

असे असूनही आजच्या टर्मिनलच्या चौकटीत मराठी ओळ टंकिली, तर पुष्कळदा वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, अशी तिची दशा होते. दूरचे यंत्र घरे मोजते एका रीतीने, आणि पडद्यावरचे जोडाक्षर जागा व्यापते निराळ्या रीतीने. दोघांचा हिशेब जुळत नाही आणि लिहिण्याची खूण भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते. चाळीस वर्षांपूर्वी खास देवनागरीसाठी बांधलेले टर्मिनल जे करीत होते, ते आज कोणत्याही मेजावर मिळणाऱ्या फुकट चौकटीला अजून पुरते साधलेले नाही. ह्याचे कारण अवघड शास्त्र हे जितके आहे, तितकेच आपली उदासीनताही आहे. ज्यांना हे कार्यक्रम लिहिता येतात, त्यांनी आपले काम इंग्रजीतच चालणार असे गृहीत धरले, आणि ज्यांना मराठीत लिहावयाचे आहे, त्यांनी ही चौकट आपली नव्हे असे मानले.

वास्तविक ती कोणाचीही होऊ शकते. भिलाईच्या उभारणीसाठी सोव्हिएत अभियंते आले तेव्हा यंत्रविद्या तिकडून इकडे येत होती. १९९१ च्या सुमारास पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला ‘परम’ महासंगणक मॉस्कोत बसविला गेला आणि विद्येचा ओघ उलट दिशेनेही वाहिला. ज्या भिलाईहून कार्डांची पेटी मुंबईस न्यावी लागली असती, तेथे आता भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यापुढे, आणि कारखान्याच्या वसाहतीत घरी बसून शिकणाऱ्या मुलीपुढेही, तीच काळी चौकट उघडते जी कोणत्याही मोठ्या नगरातील संशोधकापुढे उघडते. चौकट गाव विचारीत नाही. ती नाव आणि किल्ली एवढेच विचारते.

एके काळी यंत्र दुर्मिळ होते, म्हणून माणूस त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. आज पोहोचण्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेने जाताना आपली सावधगिरी आणि आपली लिपी ही दोन्ही बरोबर न्यावयाची, एवढे काम उरले आहे. पहिले प्रत्येकाने स्वतः करावयाचे आहे. दुसरे कोणी तरी, बहुधा आज विद्यार्थिदशेत असलेल्या कोणी तरी, लिहून पुरे करावयाचे आहे. आपल्या मेजावरच्या चौकटीत ‘क्षि’ हे अक्षर एका घरात नीट बसले, म्हणजे ते झाले असे समजावे.